लोकप्रशासन मायनर घेतलंयस? ग्रामसभेला जाऊन बस

भूगोलाला जोड म्हणून लोकप्रशासन घेतलंस, फार बरं केलंस. फक्त नोट्स घोकत बसू नकोस. पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी 73 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली, हे पेपरात सगळेच लिहितात. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येणारे जे 29 विषय आहेत त्यांत मत्स्यव्यवसायही आहे, हे आपल्या किनाऱ्यावरच्या पोरांनाही ठाऊक नसतं. पुढच्या ग्रामसभेला जा. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) इतिवृत्त कसं लिहितात, ठरावाचे सूचक-अनुमोदक कोण, कोरम (किमान हजेरी) भरला नाही की सभा तहकूब कशी होते, नीट बघ. घराचा नमुना 8 चा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीचा, उताराही वाच, कर आकारणी तिथेच कळते. प्रकल्पाला विषय हवा असेल तर 1981 चं रत्नागिरी-सिंधुदुर्ग विभाजन घे. लोकप्रशासनातल्या विचारवंतांची नावं काय, परीक्षेच्या महिन्यातही होतात पाठ.