हताहत म्हणजे नेमके किती मेले?

प्रश्न आला आहे : "युद्धाच्या बातम्यांत 'हल्ल्यात ४० हताहत' असं सांगतात. म्हणजे चाळीस मेले का? आणि हा शब्द मराठीत चालतो का?"

नाही हो, चाळीस मेले नाहीत. हत अधिक आहत, म्हणजे मेलेले आणि घायाळ, असा हा सरळ द्वंद्व समास. आपल्या निवेदकांनी तो हिंदी वाहिन्यांवरून उचलला आणि येताना अर्धा वाटेत सांडला. मूळ इंग्रजी बातमीतल्या 'कॅज्युअल्टीज'मध्ये जखमी आणि बेपत्ताही धरलेले असतात. पडद्याखालच्या मराठी पट्टीवर येईस्तोवर ते सगळे मेलेले असतात. तासाभराने आकडा खाली येतो, जणू काही जण उठून घरी गेले.

'कृताकृत'सारखी फोड करून हत अधिक अहत असं सांगणारेही भेटतात. संधी होतो, कबूल. पण न मेलेल्यांची मोजदाद युद्धवार्तेत कोण करतं?

खरी गंमत 'आहत'मध्ये आहे. संस्कृत क्रियापदाचा मूळ धातू हन्, म्हणजे मारणं, तसंच ठोकणंही. पत्र्यावर ठसा ठोकून पाडलेली आपली सर्वांत जुनी नाणी, त्यांना 'आहत नाणी' म्हणतात. पाणिनीने पाचव्या अध्यायात सूत्रच दिलंय : 'रूपादाहतप्रशंसयोर्यप्'. ज्यावर रूप ठोकलंय ते रूप्य. आपला रुपया इथला! रूप्य म्हणजे चांदी, म्हणून चांदीचं नाणं ते रुपया, असं सांगणारे विद्वान गाडी घोड्यापुढे जोडतात. माझ्या मते आधी ठोकणं, मग नाणं, आणि चांदीला नाव सगळ्यांत शेवटी.

आता १७६१ सालचा पानिपतचा तो सांकेतिक निरोप आठवा. दोन मोती गळाली, मोहरा गेल्या, रुपये आणि खुर्दा, म्हणजे चिल्लर, किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. साधा शिपाई रुपयांत, म्हणजे व्युत्पत्तीने पाहिलं तर 'आहतां'त! हा योगायोग आहे, मला ठाऊक आहे. पण सोडवत नाही. जखमींना मात्र त्या निरोपातही रकाना नाही.

टीव्हीवर तरी कुठे आहे? कारगिलच्या ५२७ हुतात्म्यांचा आकडा दर जुलैत पडद्यावर येतो. त्याच १९९९च्या युद्धात तेराशेहून अधिक जवान जखमी झाले, ते किती जणांना माहीत आहे? त्यांच्या कुबड्या, कृत्रिम पाय, पुढची पंचवीस वर्षं कुठल्या पट्टीत बसवणार?

हन्चाच आणखी एक वंशज, अनाहत : आघाताविना उमटलेला नाद. योग्यांना तो साधनेने ऐकू यायचा. मे २०२५च्या भारत-पाकिस्तान संघर्षात वाहिन्यांनी तो स्टुडिओत काढून दाखवला. हल्ला सीमेवर आणि भोंगा वातानुकूलित खोलीत. शेवटी सरकारलाच सांगावं लागलं की हवाई हल्ल्याचे भोंगे कार्यक्रमांत वाजवू नका. त्याच दिवसांत पूंछमध्ये तोफगोळ्यांनी घरं फुटत होती, माणसं मरत होती, आणि पडद्यावर कराची बंदर बेचिराख झालं होतं. ते जागच्या जागी आहे.

हो, तुमचा प्रश्न. शब्द संस्कृत आहे, चालेल. पण एकच आकडा देऊन 'हताहत' म्हणू नये. 'मृत इतके, जखमी इतके' लिहावं. पट्टी तशीही सरकतीच असते, जागा पुरते.