चौदा कॉलेजं, एक गळा

प्रिय पोरी,

म्युझिकल थिएटर, म्हणजे गाणं-नाच-अभिनय, शिकवणाऱ्या कॉलेजांत तू देणार असलेल्या ऑडिशन्सची, तुझ्या बाबांनी पाठवलेली स्प्रेडशीट काल रात्री दोनदा वाचली. चौदा कॉलेजं, प्रत्येकाला वेगळा रंग, शेवटच्या रकान्यात विमानाचं भाडं. लेकीसाठी बापानं किती जीव ओतलाय ते ओळीओळीत दिसतं. तरी हे वेळापत्रक आहे तसं पाळू नकोस, हे सांगायलाच पत्र लिहितेय. बोस्टन, शिकागो, पिट्सबर्ग आणि सिनसिनाटी त्यात अकरा दिवसांत बसवलेत. भाड्यांचे आकडे चोख आहेत. पण या अकरा दिवसांत तुझा गळा कधी गप्प राहणार, ते कुठंच लिहिलेलं नाही.

ऑगस्ट चालू आहे, म्हणजे तक्त्यावर हात फिरवायला वेळ आहे.

सुरुवात प्रीस्क्रीनपासून, म्हणजे आधी पाठवायच्या व्हिडिओच्या चाळणीपासून कर. बाबांच्या यादीत ते एका ओळीत उरकलंय, पण तुझा हिवाळ्यातला सगळा प्रवास त्याच्यावर अवलंबून आहे. म्युझिकल थिएटरचे बहुतेक नावाजलेले बीएफए, म्हणजे कलापदवीचे, अभ्यासक्रम आधी व्हिडिओ मागतात आणि तो पसंत पडला तरच समोर बोलावतात. दोन वेगळ्या स्वभावाची गाणी, एक-दोन मोनोलॉग, म्हणजे एकटीनं म्हणायचे उतारे, नाचाचा एक तुकडा आणि बऱ्याच ठिकाणी वाइल्ड कार्ड, म्हणजे तुला जे दाखवावंसं वाटेल ते. गाण्याचा तुकडा साधारण ६० ते ९० सेकंदांचा. हल्ली बरीच कॉलेजं एक सामाईक नमुना मानतात, त्यामुळं एकदा केलेलं चित्रीकरण अनेकांना पाठवता येतं. तरीही गाणं कुठल्या काळातलं हवं, कॅमेऱ्यात तू कमरेपासून दिसायला हवीस की पायांपासून, हे प्रत्येकाचं वेगळं वाचावंच लागतं.

यंदा गणपतीत मंडळाच्या नाटकात तू गाणार आहेस. गा, अगदी मोकळ्या गळ्यानं गा. फक्त त्याला लागूनच्या शनिवार-रविवारी चित्रीकरण ठेवू नकोस. मधे दहा दिवस जाऊ देत. आणि वाइल्ड कार्डचं तू विचारलं होतंस, म्हणून सांगते: नाट्यपद म्हणावंसं खरंच वाटत असेल तर जरूर म्हण. लहानपणापासून ते तुझ्या अंगात मुरलंय. ‘वेगळं दिसेल’ एवढ्याचसाठी घेणार असशील तर नको. समोरच्यांना शब्द कळले नाहीत तरी पद गाणारीच्या आतून येतंय की नाही, ते बरोबर कळतं.

प्रीस्क्रीनच्या मुदती बहुतेक ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. कॉलेजचा अर्ज आणि कला विभागाचा अर्ज या दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्यांच्या तारखाही अनेकदा वेगळ्या असतात. बाबांच्या तक्त्यात तारखेचा एकच रकाना आहे, तिथं दोन हवेत. प्रीस्क्रीनचे निकाल नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तुकड्यातुकड्यानं लागतात. एकीकडून आज बोलावणं येतं, दुसरीकडून तीन आठवड्यांनी. म्हणून स्वस्त मिळतंय या मोहानं सप्टेंबरमध्येच विमानाची तिकिटं काढून ठेवू नका. बोलावणं हातात पडलं की मग काढा. निघायला सात दिवस किंवा त्याहून जास्त अवकाश असेल आणि तिकीट थेट विमान कंपनीकडून घेतलं असेल, तर बहुतेक कंपन्या पहिल्या २४ तासांत ते रद्द करून पूर्ण पैसे परत देतात. त्या एका दिवसात कॉलेजकडून वेळ पक्की करून घ्यायची. सर्वांत स्वस्त वर्गाचं तिकीट मात्र या मोसमासाठी घेऊ नका. ते नंतर बहुधा बदलता येत नाही, आणि जानेवारी-फेब्रुवारीत बदलावं लागतंच.

आता युनिफाइड्स. तुझ्या आईला वाटतं ती एक मोठी सामाईक परीक्षा आहे. तसं नाही. बरीच कॉलेजं एकाच शहरात, त्याच काही दिवसांत आपापल्या खोल्या घेऊन बसतात, एवढंच त्यात सामाईक. प्रत्येक कॉलेज तुला आपली वेळ देतं. त्याच तासाला पलीकडच्या खोलीत तुझी दुसरी ऑडिशन आहे का, हे त्यांना माहीत नसतं. घड्याळ तुलाच सांभाळायचं. दोन वेळा एकमेकींवर येत असतील तर लगेच नम्र ईमेल लिही. हे त्यांना रोजचंच आहे, मागितली तर वेळ बदलून देतात. गप्प राहून धावाधाव करणाऱ्या मुलांचं मात्र नुकसान होतं.

न्यूयॉर्कच्या युनिफाइड्स जानेवारीत असतात, शिकागोच्या साधारण त्यानंतर. शिकागोला वर्षानुवर्षं पामर हाउस या जुन्या हॉटेलात हा मेळा भरतो. वर छताला सुंदर चित्रं रंगवलेली, आणि खाली प्रत्येक कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून कुणीतरी पोर पुटपुटतंय. माझी लेक आत पाऊल टाकताच गोठली होती. एवढी सगळी मुलं आपल्यासारखीच, आणि बऱ्याच कॉलेजांत वर्षाला जागा वीसेक. ते दृश्य पहिल्यांदा बघणं जड जातं, आधीच सांगून ठेवते.

माझं स्पष्ट मत: तू शिकागो खोड. तुझं घर न्यू जर्सीतल्या एडिसनला. सकाळी एनजे ट्रान्झिटच्या लोकलनं न्यूयॉर्कचं पेन स्टेशन, तिथून आठव्या अव्हेन्यूवरच्या तालमीच्या स्टुडिओंपर्यंत चालत. रात्री आपल्या गादीवर झोप, आईच्या हातचा वरणभात. देशभरातली मुलं ज्यासाठी विमानं आणि हॉटेलं करतात, ते तुला लोकलच्या तिकिटात मिळतंय. जी कॉलेजं दोन्ही शहरांत येतात, त्यांना न्यूयॉर्कमध्येच भेट. बाबांना शिकागोत तीन कॉलेजं जास्तीची सापडलीत, पण त्या तिघांबद्दल तू माझ्यापाशी एकदाही बोललेली नाहीस.

न्यूयॉर्कमध्येही एका दिवशी दोनच ऑडिशन घे. नाचाची वेळ वेगळी असेल तर तीही मोजायची. तिथं वॉक-इनची सोय असते, म्हणजे वेळ न घेता रिकाम्या जागी घेतात. आजूबाजूची मुलं दिवसाला चार-चार करताना दिसतील, तुझेही पाय वळतील. एखादं कर, पण दिवसाची ठरलेली दोन झाल्यावर.

ज्या कॉलेजांत चार वर्षं काढायची तुझी खरंच इच्छा आहे, तिथं मात्र प्रत्यक्ष जा. सिनसिनाटीच्या संगीत महाविद्यालयात म्युझिकल थिएटरचा अभ्यासक्रम १९६८ पासून चालतो, आणि पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलनमध्ये नाट्यशिक्षण १९१४ पासून. अशा जागेचा स्वभाव हॉटेलच्या खोलीत कळत नाही. तिथल्या बोळात अर्धा तास बस. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला विचार, आजारी पडल्यावर तुला काय वाटलं, कुणी विचारपूस केली का. या एका प्रश्नाच्या उत्तरावरून माझ्या लेकीनं कॉलेज निवडलं.

प्रवासाची मोट शहरांप्रमाणं बांध. पिट्सबर्गला कार्नेगी मेलन आणि पॉइंट पार्क, दोन्ही एकाच शहरात. सिराक्यूज आणि इथाका एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर, तिथं गाडीनं. सिराक्यूजला बर्फ किती पडतो ते तुझे बाबा जाणतात, म्हणून ती फेरी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मिळाली तर आधी घ्या. बोस्टनला रेल्वेनं जा, तुमच्या जवळच्या मेट्रोपार्क स्टेशनहून थेट गाडी आहे. बर्फात रेल्वे उशिरा येईल, पण विमानापेक्षा तिचा भरवसा जास्त. सिनसिनाटीचा विमानतळ नदीपलीकडं केंटकी राज्यात आहे, तिकीट शोधताना गोंधळू नका. आणि जानेवारी व फेब्रुवारी या दोन्ही महिन्यांतल्या तिसऱ्या सोमवारी सुट्टी असते, त्याला जोडून भाडी चढतात. टेक्सस आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या कॉलेजांत व्हिडिओवरून थेट ऑडिशन देता येते का ते विचारून घे. महासाथीनंतर बऱ्याच ठिकाणी ती सोय झाली आहे, आणि तिचा कमीपणा मानायचं कारण नाही.

माझ्या लेकीच्या वेळची एक गोष्ट सांगते. ती आठवली की अजूनही पोटात तुटतं. शनिवारी सकाळी नऊला ऑडिशन, म्हणून शुक्रवारी संध्याकाळचं विमान घेतलं होतं. बर्फामुळं ते रद्द झालं. रात्रभर विमानतळावर, कोट उशाला घेऊन. पहाटेच्या विमानानं पोचलो, वेळेवर पोचलो, मी मनातून खूशही झाले. ती आत गेली आणि वरचे सूर लागलेच नाहीत. बाहेर येऊन एवढंच म्हणाली, ‘आई, आवाज होता गं, पण माझा नव्हता.’ ते तिचं सर्वांत आवडतं कॉलेज होतं. आम्ही आदल्या दिवशी दुपारी पोचायला हवं होतं. दूरची ऑडिशन असेल तर, शक्य असल्यास, त्याच्याही आदल्या दिवशी.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात संगीत नाटक उभं केलं, त्यानंतर आपल्या नाटक कंपन्या अर्धं शतक गावोगाव फिरल्या. पण त्या गावात जाऊन मुक्काम करायच्या. बिऱ्हाड लागायचं, पंगती बसायच्या, गवई नटांचा रियाज चालायचा आणि मग नाटकं लागायची. आजीकडून ऐकलेला ‘मुक्काम’ हा शब्द मला फार आवडतो. तुझ्या तक्त्यात ‘फ्लाइट’च्या शेजारी ‘मुक्काम’ असा रकाना घाल. कुठं किती वाजता पोचणार, कुठं झोपणार, पोचल्यावर किती तास काहीच करायचं नाही. जिथं हा रकाना भरता येत नाही, ती फेरी रद्द समज.

मुक्कामाला गेल्यावर खोलीतला हीटर गळा कोरडा करतो. छोटा ह्युमिडिफायर बरोबर ठेव, नाहीतर न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफ घे. विमानात हवा त्याहून कोरडी, तिथं पाणी पीत राहा आणि बोलू नकोस. बाबांना आधी सांगून ठेव, म्हणजे ते गप्पा मारणार नाहीत. ज्येष्ठमधाची कांडी पर्समध्ये असू दे. आदल्या संध्याकाळी पूर्ण आवाजात गायचं नाही, हलका रियाज पुरे. नऊची वेळ असेल तर सहाला ऊठ, कारण आवाज शरीराच्या मागून जागा होतो. संक्रांत नेमकी या धामधुमीत येते. मंडळाच्या हळदीकुंकवाला ‘एकच गाणं’ म्हणून तुला धरतील. मी त्यांना नाही सांगेन, तो वाईटपणा माझ्याकडं.

सामानाचं थोडक्यात: गाण्यांची फाइल, नाचाचे शूज आणि कॅरेक्टर शूज (रंगमंचावर घालायचे टाचेचे), एक ऑडिशनचा पोशाख आणि फोनला जोडायचा छोटा स्पीकर, हे सगळं हातातल्या बॅगेत. विमानाच्या पोटात टाकलेली बॅग वेळेवर येईलच असं नाही.

शाळेचं मात्र सप्टेंबरमध्येच बोल. समुपदेशिकेला तारखांचा अंदाज दे आणि शाळेच्या वसंतातल्या म्युझिकलच्या दिग्दर्शकाला, भूमिका वाटण्याआधी, जानेवारीत तू किती तालमी चुकवशील ते खरं सांग. त्यामुळं मोठी भूमिका हातची गेली तर वाईट वाटेल. पण भूमिका घेऊन मग तालमी बुडवणं आपल्याला शोभत नाही.

पैशांचं बोलायला संकोचू नकोस. प्रत्येक कॉलेजला अर्जाचं शुल्क, अनेक ठिकाणी ऑडिशनचं वेगळं, त्यावर प्रवास. शुल्कमाफी बऱ्याच ठिकाणी मागता येते. बाबा ‘ते माझं मी बघतो’ म्हणतील, त्यांच्याबरोबर तरीही बेरजेला बस. ज्या ऑडिशनला घरातले किती पैसे आणि बाबांच्या किती सुट्ट्या लागल्या हे तुला माहीत असेल, तिथं तू नीट झोपून जाशील.

रविवारी दुपारी तिघंही या. चौदातली सहा नावं खोडायची आहेत, आणि पेन्सिल तुझ्या हातात असेल, बाबांच्या नाही. शिकागोची तीन मी सुचवली. उरलेली तीन कोणती, त्याचा आठवडाभर विचार करून ये. प्रत्येक नावापुढं मी एकच विचारणार आहे, तिथल्या खोलीत शिरताना तुला काय गावंसं वाटतं. ज्याच्यापुढं तू अडखळशील, ते खोडू.

तुझी,
मावशी

ता. क. त्या तक्त्यातल्या शिकागोच्या वेळा एडिसनच्या घड्याळानं लिहिल्यात. तिथं एक तास मागं असतं. शिकागो खोडलं तरी बाबांना हे दाखव. व्हिडिओ ऑडिशनच्या वेळी टेक्ससचं घड्याळही तसंच आहे.