गाडीचे प्रश्न : डिझेल फिल्टर घरी बदलला, आता गाडी चालू होईना

प्रश्न : नमस्कार दादा, माझी २०१४ ची डिझेल स्विफ्ट आहे. रविवारी यूट्यूब बघून घरीच डिझेल फिल्टर बदलला. काम सोपं वाटलं, गाडी एका सेलला चालू पण झाली, पण अर्ध्या मिनिटात बंद पडली ती पडलीच. सेल मारून मारून बॅटरी बसली. फिल्टरवर एक काळं बटण आहे, ते मी दाबलं नाही, कशाचं आहे कळलं नाही. शेजारचे काका जुने ट्रकवाले आहेत, ते म्हणतात एअर घेतलीय (डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरलीय), इंजेक्टरच्या पाइपचे नट ढिले कर आणि सेल मार, एअर निघून जाईल. करू का?
— एक वाचक, कराड

उत्तर : अजिबात नको. काकांचं निदान बरोबर आहे पण औषध जुन्या गाडीचं आहे. त्यांच्या ट्रकला मेकॅनिकल पंप, तिथे नट ढिला करून एअर काढायची हीच पद्धत होती. तुमचं १२४८ सीसीचं इंजिन कॉमन रेलचं, म्हणजे चारही इंजेक्टरना (डिझेल फवारणाऱ्या नोझलना) एकाच जाड नळीतून, रेलमधून, दाबाखालचं डिझेल मिळतं. चालू असताना रेलमध्ये हजार-दीड हजार बारपर्यंत प्रेशर जातं, नुसत्या सेलवर सुद्धा काहीशे बार होतं, आणि ढिल्या नटातून सुटलेली बारीक धार सरळ कातडीत घुसते. वरून एक टिपका दिसतो, दुखत पण नाही फारसं, आणि आत डिझेल पसरत जातं, ऑपरेशन करावं लागतं. असं कुणाला झालंच तर हळद लावून घरी बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

आता ते काळं बटण. तोच तुमचा हॅन्ड पंप, दाबला की टाकीतलं डिझेल ओढून फिल्टर भरतो! गाडी अर्धा मिनिट चालली ती पुढच्या हाय प्रेशर पंपात आणि रेलमध्ये उरलेल्या डिझेलवर, ते संपलं आणि मागून कोऱ्या फिल्टरमधली हवा आली. हवा दाबली जाते, त्यामुळे रेलमध्ये प्रेशर बनत नाही, आणि साधारण दीड-दोनशे बार झाल्याशिवाय ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजेक्टर उघडतच नाही, मग तुम्ही सेल कितीही मारा. त्यात बॅटरी बसली की इंजिन हळू फिरतं, प्रेशर अजून कमी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हाय प्रेशर पंपाला वेगळं ऑइल नसतं, डिझेल हेच त्याचं वंगण, कोरडा फिरवला की आतून घासतो आणि तो धातूचा चुरा इंजेक्टरमध्ये जातो. फिल्टर काही शेकड्यांत येतो, चार इंजेक्टरचं बिल ऐकून माणूस खाली बसतो.

तर आधी बॅटरी चार्ज करा. मग चावी बंद ठेवून ते बटण दाबत राहा. सुरुवातीला पोकळ लागेल, पन्नास-साठ वेळा दाबावं लागलं तरी घाबरू नका, हळूहळू जड होत जातं आणि एका क्षणी अंगठा आत जाईनासा होतो, तेव्हा डिझेल भरलं. मग सेल मारा, एका वेळी दहा सेकंद, मध्ये मिनिटभर थांबा, स्टार्टर तापतो. चालू झाली की रेस करू नका, दोन-चार मिनिटं नुसती चालू ठेवा, थोडी थरथरेल, मग थरथर थांबेल. नंतर फिल्टरच्या जोडांवर कोरडा टिश्यू फिरवून बघा, ओला झाला तर लीक आहे.

बटण जड होतच नसेल तर मात्र हवा कुठून तरी आत येतेय. आधी ओ-रिंग (फिल्टरच्या जोडातली रबरी रिंग) बघा. जुनी ओ-रिंग हेडला (फिल्टर ज्यावर बसतो त्या भागाला) चिकटून राहते आणि तिच्यावर नवी बसवली जाते, हे आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत फार दिसतं. नवी बसवताना तिला बोटाने डिझेल लावा, ग्रीस नको, कोरडी बसवली तर पिळवटते. मग पाइपा : इन आणि आउट उलट लागलेत का, लॉक टिक असा आवाज करून बसलंय का, प्लॅस्टिकची क्लिप तडकली तर नाही ना. इथे एक गोष्ट लोकांना पटत नाही, की खाली थेंब पण सांडत नाही मग लीक कसलं? अहो, टाकीपासूनचा हा भाग डिझेल ओढून घेणारा आहे, भोक पडलेल्या स्ट्रॉने उसाचा रस ओढून बघा, रस बाहेर येत नाही, हवा आत येते. सकाळी गाडी चालू व्हायला वेळ लावते आणि दिवसभर ठीक असते, तेव्हा बऱ्याचदा हेच असतं, रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरलेलं असतं. खात्री करायची तर फिल्टरच्या आउटला वीतभर पारदर्शक डिझेल पाइप लावा, बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

प्रश्न : माझ्या गाडीला असं बटण दिसत नाही. मग नवा फिल्टर आधीच डिझेलने भरून लावायचा का? — एक वाचक, नांदेड

उत्तर : बऱ्याच गाड्यांत टाकीतच इलेक्ट्रिक पंप असतो. त्यात चावी ऑन करायची, सेल मारायचा नाही, पंपाचा घूं आवाज काही सेकंद येतो तो थांबला की ऑफ, असं पाच-सहा वेळा. तेवढ्याने भरतं. बाटलीने भरायचाच असेल तर आटे असलेल्या, फिरवून बसवायच्या फिल्टरला मधलं मोठं भोक आणि भोवती बारीक भोकं असतात, डिझेल फक्त बारीक भोकांतून ओता. मधलं भोक गाळून झालेल्या बाजूचं आहे, तिथे ओतलेला कचरा थेट इंजेक्टरला भेटतो, आणि फिल्टर गाळतो ते काही मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), डोळ्याला स्वच्छ दिसणारं डिझेल तिथे स्वच्छ नसतं. मी तर म्हणेन पंप असेल तर भरायच्या भानगडीत पडूच नका.

प्रश्न : पावसाळ्यात फिल्टरचा पिवळा दिवा लागला. फिल्टर बदलावाच लागेल का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : लगेच नाही. तो पाण्याचा दिवा, फिल्टरमध्ये पाणी साठलं की लागतो. इंजिन बंद करून फिल्टरखालचा ड्रेन थोडा ढिला करा, खाली काचेची बरणी धरा, पाणी तळाला बसतं आणि डिझेल वर तरंगतं, नुसतं डिझेल यायला लागलं की बंद करा. मग वरच्यासारखं प्राइम करून घ्या, म्हणजे बटणाने किंवा चावीने डिझेल भरून हवा काढा. फिल्टर बदललात तर खालचा सेन्सर जुन्यातून काढून नव्याला लावायचा असतो, बरेच जण तो जुन्या फिल्टरबरोबर भंगारात देतात. काढलेलं पाणी-डिझेल गटारात नको, डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या. आणि आठवड्यात परत दिवा लागला तर पंप बदला, म्हणजे पेट्रोल पंप म्हणतोय, गाडीचा नाही.