टाकीत इंधन असूनही इंजिन बंद का पडतं?

पायपर आर्चर या छोट्या विमानाची उजवी टाकी निम्म्याहून जास्त भरलेली असताना इंजिन बंद कसं पडलं, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक वेळा सिलेक्टर (कोणत्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणारी मूठ) डावीकडे असतो आणि डावी टाकी कोरडी झालेली असते.

सेसना 172 वर शिकलेल्यांची इथे हमखास गफलत होते. तिचे पंख वर, इंधन आपल्या वजनानं खाली येतं, म्हणून सिलेक्टरवर ‘बोथ’ (दोन्ही टाक्या एकदम) आहे. आर्चरचे पंख खाली, त्यामुळे पंपाला इंधन ओढावं लागतं. दोन्ही टाक्या एकदम जोडल्या आणि एक संपली, तर पंप तिच्यातली हवाच ओढत बसेल. म्हणून डावी किंवा उजवी, एकच.

हिशेब घड्याळावर करा. वापरता येणारं इंधन 48 गॅलन, म्हणजे एका टाकीत 24, साधारण 91 लिटर. ताशी 10 गॅलन धरले तर 2 तास 24 मिनिटं. टाकी टॅबपर्यंतच (तोंडाच्या आतल्या खुणेच्या पट्टीपर्यंत) भरली असेल तर 17 गॅलन, म्हणजे पावणेदोन तासांच्या आत खेळ खलास. क्रूझमध्ये, म्हणजे सरळ उड्डाणात, मिक्श्चर लीन केलं नाही (हवेच्या मानानं इंधन कमी केलं नाही) तर त्याहूनही आधी. गेजच्या काट्यावर विसंबू नका; झाकण उघडून डोळ्यांनी बघा, त्याच विमानासाठी खुणा केलेली डिपस्टिक बुडवा.

दर अर्ध्या तासानं टाकी बदला आणि वेळ कागदावर लिहा. आधी इलेक्ट्रिक पंप चालू, मग सिलेक्टर, मग फ्युएल प्रेशर पाहून पंप बंद. टेकऑफच्या तोंडावर मात्र टाकी बदलायची नाही. नळीत आणि कार्बुरेटरमध्ये उरलेलं इंधन विमान हवेत नेण्यापुरतं पुरतं, आणि नेमकं तिथेच संपतं. ज्या टाकीवर रन-अप (उड्डाणाआधीची इंजिनाची चाचणी) केला, त्याच टाकीवर उडा.

इंजिन गेलंच तर आधी 76 नॉटचा ग्लाइड (इंजिनाविना तरंगत उतरणं) धरा आणि उतरायला शेत हेरा. मग दुसरी टाकी, इलेक्ट्रिक पंप चालू, मिक्श्चर रिच (इंधन जास्त), कार्ब हीट (कार्बुरेटरला गरम हवा) चालू. नळी रिकामी झाली असेल तर ताकद परत यायला 10 सेकंदही लागतात. तेवढा धीर नसलेला माणूस सिलेक्टर पुन्हा कोरड्या टाकीवर नेतो.

हे सगळं विमान सांभाळत करायचं. गायक जॉन डेन्व्हर यांच्या लाँग-ईझी या छोट्या विमानात सिलेक्टरची मूठ डाव्या खांद्यामागे होती. 12 ऑक्टोबर 1997 ला ती फिरवताना उजवं रडर (नाक वळवणारं पेडल) दाबलं गेलं आणि ताबा सुटला, असा एनटीएसबी या अमेरिकेच्या अपघात तपास संस्थेचा निष्कर्ष आहे. निघण्याआधी इंधन न भरणं हेही तिनं कारणांत धरलं.

दोन्ही टाक्यांत इंधन आहे आणि तरी आरपीएम हळूहळू उतरतोय, तर कार्बुरेटरमधल्या बर्फाचा संशय घ्या. कोकणासारख्या दमट हवेत 25 अंशांनाही तो जमतो. कार्ब हीट लावल्यावर वितळलेलं पाणी आत जाऊन इंजिन आधी जास्तच खडखडतं. तेव्हा घाबरून ती बंद करू नका.