साखरेच्या माणसाला साखर द्यायची?

"टाइप वन मधुमेह आहे, मग हे फिरतीचं काम सोडू का?" हा प्रश्न मला समुपदेशनाला येणारी मुलंमुली विचारतात, त्यांचे आईवडील तर फारच विचारतात. मृणालही (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) तोच घेऊन आली होती. ती पीएच.डी. करते. कोकणातली माणसं मुंबईला गेली, वरकस, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीवरची नाचणी-वरी थांबली आणि तिथं पुन्हा झाडोरा वाढला. त्याचं खरंखुरं जंगल कधी आणि कितपत होतं, हा तिचा विषय.

टाइप वनमध्ये शरीर साखर उतरवणारं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, म्हणून शाळेत असल्यापासून ती ते बाहेरून घेते. गाईडना हे ठाऊक नव्हतं आणि बरोबर फिरणाऱ्या गावातल्या दादांनाही नव्हतं. "कळलं तर मला कॉम्प्युटरपुढे बसवतील, मॅडम."

बोलता बोलता एक गोष्ट बाहेर आली. फील्डच्या दिवसांत ती मुद्दामच इन्सुलिन कमी घ्यायची. साखर अडीचशेच्या वर ठेवली की रानात घेरी यायची भीती नाही, हा तिचा हिशोब. असं बरेच जण करतात आणि घरच्यांना पत्ता नसतो. तिची भीती निराधार नव्हती. चढउतार, ऊन, लांबलेलं जेवण यांनी साखर भराभर उतरते, दमलेल्या दिवसानंतर रात्री झोपेतही उतरू शकते. पण टाइप वनमध्ये इन्सुलिन टाळत राहिलं तर रक्तात आम्ल वाढून जिवावर बेततं. मी रागावले नाही, पण हे डॉक्टरांना जसंच्या तसं सांगण्याचा आग्रह मात्र धरला. डोस किती आणि कधी बदलायचा, हे तेच ठरवणार.

एकदा ती चिडून म्हणाली, "२०२१ मध्ये एक मोठा अभ्यास आला. सोडून दिलेल्या जमिनीवरचं उष्णकटिबंधीय जंगल वीस वर्षांत सरासरी ७८ टक्के सावरतं. माझं काय सावरलं?" मी विचारलं, "७८ टक्के कशाचे?" मग ती सांगत सुटली. माती दहा वर्षांच्या आत सुधारते, जंगलाची उंची-दाटी यायला पंचवीस ते साठ वर्षं लागतात, आणि जुन्या जंगलातल्याच जाती त्याच प्रमाणात परतायला शंभराहून जास्त. म्हणजे सगळं एका आकड्यात मावत नाही.

तिचं स्वादुपिंड पुन्हा इन्सुलिन बनवू लागेल, असा खोटा दिलासा मी देणार नव्हते. पण तिचं दुःखही एकच नव्हतं. आजाराचं वाईट वाटणं होतं, रोजच्या मोजमापाचा वीट होता, आणि उघडं पडण्याची धास्ती होती. यातली धास्ती सगळ्यात आधी कमी होण्यासारखी होती, म्हणून आम्ही तिथून सुरुवात केली.

तिनं पहिल्यांदा सांगितलं ते दादांना. ते गोंधळले. "साखरेच्या माणसाला साखर द्यायची? माझ्या आईचा तर चहासुद्धा बिनसाखरेचा!" हा गैरसमज रानात महागात पडला असता. म्हणून मृणालनं त्यांना नीट शिकवलं: घाम फुटला, हात थरथरले, बोलणं असंबद्ध झालं किंवा मीटरवर ७० च्या खाली दिसलं, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि दवाखाना गाठायचा. वापरात असलेलं इन्सुलिन ओल्या मातीच्या भांड्यात ठेवायचं, बर्फाला चिकटून नाही, कारण गोठलं की ते फुकट जातं.

गाईडना सांगायला मात्र तिला बराच वेळ लागला. त्यांनी विषय काढून घेतला नाही. रस्त्याजवळचे प्लॉट आधी करा, एकटीनं आत जाऊ नका, एवढंच म्हणाले. पावसाळ्यानंतरचं काम तिनं तसंच आखलंय आणि डॉक्टरांनी फील्डच्या दिवसांचे डोस लिहून दिलेत.

आईचा विरोध अजून आहे. पुढच्या भेटीला त्या स्वतः येणार आहेत. दादांचा फोन नंबर मात्र त्यांनी आधीच मागून घेतलाय.