वाचकांचे प्रश्न : चिलखती पोलाद कसे फुटते?

प्रश्न : पाणी कमी पाजलेली वखराची पास वाकते आणि जास्त पाजलेल्या कुऱ्हाडीचा दगडावर टवका उडतो, असे आमच्या गावचे लोहार सांगतात. मग चिलखती पोलादाची पाटी गोळीने फुटेल की नाही, हे ती न फोडता संगणकावर कसे काढतात?
— एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : आपल्या लोहारकाकांचे म्हणणे अगदी खरे आहे. चिलखती पोलाद तापवून विझवतात आणि पुन्हा बेताने तापवतात, ते कठीणपणा व चिवटपणा यांचा मेळ बसावा म्हणूनच. गोळीच्या आघातात मात्र वेळेचा प्रश्न येतो. कुंपणाची तार पुन्हापुन्हा वाकवून तोडताना मोडीची जागा बोटाला गरम लागते, कारण वाकवण्याच्या श्रमाचा बहुतांश भाग उष्णतेत बदलतो. तारेत ती उष्णता पसरायला थोडी सवड असते. आघात मात्र सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत उरकत असल्याने ती जिथल्या तिथे कोंडते, तेवढा पट्टा मऊ पडतो, पुढची सारी सरक त्याच मऊ पट्ट्यात होते आणि तो आणखी तापतो. केसाएवढ्या रुंदीच्या या पट्ट्यावर पाटी कातरली जाते आणि तिचा गोल तुकडा बुचासारखा मागे निसटतो.

हे गणितात मांडण्यासाठी जॉन्सन आणि कुक या अमेरिकी संशोधकांची सूत्रे फार वापरली जातात. १९८३ च्या सूत्रात पोलादाची ताकद आकारबदल, त्याचा वेग आणि तापमान यांवरून काढतात; १९८५ च्या सूत्रात फुटण्यापूर्वी ते किती आकारबदल सोसेल हे पाच स्थिरांकांनी ठरते. चहूबाजूंनी दाबलेला भाग पुष्कळ सोसतो, ओढला जाणारा लवकर फाटतो, ही त्यातली कळीची गोष्ट आहे. हे स्थिरांक खाचा पाडलेल्या सळ्या ओढून आणि हॉपकिन्सन दांड्यांमध्ये, म्हणजे दोन लांब दांड्यांच्या मध्ये धरलेल्या नमुन्यावर, वेगवान आघात करून मिळवावे लागतात.

संगणक पाटीचे बारीक घरांत विभाजन करतो, प्रत्येक घराची हानी, म्हणजे सोसता येईल त्या आकारबदलाचा किती हिस्सा होऊन गेला ते, क्षणाक्षणाला जमा करत जातो आणि बेरीज एकावर पोचली की ते घर फुटले असे धरतो. माझ्या मते खरी जोखीम इथेच आहे. पट्टा केसाएवढा आणि घर अर्ध्या मिलिमीटरचे असेल, तर उष्णता घरभर वाटली जाते, पट्टा दिसतच नाही आणि फुटणारी पाटी कागदावर शाबूत राहते. म्हणून घरे लहान करत उत्तर कितपत बदलते हे तपासावेच लागते. आपण ‘न फोडता’ असे विचारले आहे. पण काही पाट्यांवर प्रत्यक्ष गोळी झाडून, पलीकडे निघालेल्या गोळीचा वेग आणि निसटलेल्या बुचाचा आकार गणिताशी ताडून पाहिल्याशिवाय त्या उत्तरावर विसंबता येत नाही.