घरी ऐकतो, बाहेर ऐकत नाही : कुत्र्यांच्या प्रशिक्षणवर्गाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचं पिल्लू 9 आठवड्यांचं आहे. लसीकरण पूर्ण होईपर्यंत बाहेर काढू नका, असं सगळे सांगतात. मग वर्गाला कधी न्यायचं?

उत्तर : सगळ्या लसी होईपर्यंत थांबू नका. साधारण 3 ते 14 आठवडे या वयात पिल्लू जे पाहतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याला पुढे आयुष्यभर ओळखीचं वाटतं. लसीकरण संपता संपता 16 आठवडे उजाडतात. तोवर हे दिवस निघून गेलेले असतात, आणि माणसांना किंवा आवाजांना घाबरणारा कुत्रा नंतर सावरायला महिनोन् महिने लागतात.

पहिली लस घेऊन किमान 7 दिवस झालेले असावेत आणि जंताचं औषध दिलेलं असावं. एवढं झालं की पिल्लांच्या वर्गाला जायला हरकत नाही. मात्र वर्गातल्या सगळ्याच पिल्लांच्या लसीची नोंद पाहिली जाते ना, आणि फरशी धुऊन जंतुनाशकाने पुसली जाते ना, हे आधी विचारून घ्या. पार्व्हो म्हणजे पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार. त्याचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. त्यामुळे अनोळखी कुत्री फिरतात त्या जागी पिल्लाला जमिनीवर सोडू नका, कडेवर घेऊन फिरवा. परिसरात पार्व्होची साथ असेल तर पशुवैद्यांना विचारूनच ठरवा.

ओळख करून देणं म्हणजे पिल्लू प्रत्येकाच्या हातात देणं नव्हे. त्याला मागे सरायचं असेल तर सरू द्या. मागे सरता आलं की ते आपणहून पुढे येतं.

प्रश्न : 5 आठवडे वर्गाला जातोय. स्वयंपाकघरात ‘बस’ म्हटलं की लगेच बसतो. फाटकाबाहेर पडलो की जणू कधी ऐकलाच नाही असा शब्द. मुद्दाम करतो का?

उत्तर : मुद्दाम नाही. सर्वांत जास्त पत्रं याच तक्रारीची आली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कुत्रा ‘बस’ हा एकटा शब्द शिकत नाही. तो शब्द, ती फरशी, तुमचं समोर उभं राहणं, खिशाकडे गेलेला हात, हे सगळं मिळून त्याचा धडा असतो. बाहेर यातलं निम्मं बदलतं आणि वर वासांची गर्दी होते. त्याच्या लेखी तो नवा धडा आहे. घरीच एक चाचणी घ्या. त्याच्याकडे पाठ करून, हात न हलवता, फक्त शब्द उच्चारा. बसला नाही, तर तो आजवर शब्दाला नव्हे, तुमच्या हाताला बसत होता. बहुतेक कुत्र्यांचं असंच असतं, कारण त्यांना आपली भाषा कळण्याआधी आपलं अंग वाचता येतं.

तेव्हा पुन्हा सुरुवातीला या. खाऊचा तुकडा नाकाला जवळजवळ टेकवा आणि कपाळाच्या दिशेने वर-मागे न्या. मान वर गेली की ढुंगण आपसूक खाली टेकतं. हात फार उंच नेलात तर तो उडी मारेल, फार मागे नेलात तर मागे मागे चालत जाईल. ढुंगण टेकलं त्याच क्षणी ‘हां!’ असा एकच छोटा शब्द किंवा क्लिकरचा (दाबला की ‘टिक’ वाजणाऱ्या छोट्या डबीचा) आवाज, आणि लगेच खाऊ. इथे सेकंदाचा हिशेब आहे. आवाज करायला 2 सेकंद उशीर झाला आणि तेवढ्यात तो उठला, तर शाबासकी उठण्याला मिळते. 5-6 वेळा जमल्यावर रिकाम्या हाताने तीच खूण करा, खाऊ दुसऱ्या हातातून द्या. त्यानंतर शब्द आणा. आधी शब्द, मग अर्धा सेकंद थांबून खूण. दोन्ही एकाच वेळी केलंत तर तो खूणच पाहील, शब्द कानाबाहेर राहील.

आता पायऱ्या. स्वयंपाकघर, मग दुसरी खोली, मग दाराबाहेर, मग रिकामं मैदान, मग लांबवर एक कुत्रा दिसतोय अशी जागा. प्रत्येक पायरीवर 10 पैकी 8 वेळा पहिल्याच शब्दाला बसला तर पुढे जा. 5 किंवा त्याहून कमी आले तर एक पायरी उतरा. ‘थांब’ शिकवतानाही हेच. वेळ, अंतर आणि आजूबाजूची गडबड यांतली एकच गोष्ट एका वेळी वाढवायची, आणि ती वाढवताना बाकीच्या दोन कमी करायच्या. बाहेर नेताना खाऊही घरच्यापेक्षा चांगला हवा.

आणखी एक. ‘बस, बस, अरे बस ना’ असं म्हणत राहिलात तर चौथ्या हाकेला बसायचं असतं, हाच त्याचा धडा होतो. एकदा म्हणा, 3 सेकंद थांबा, नाही बसला तर जागा सोपी करा. शिवाय मराठी घरात ‘बस’ आणि ‘बास’ हे दोन्ही शब्द दिवसभर माणसांसाठी वापरले जातात. त्याच्या कानाला ते सारखेच. घरात एरवी न येणारा शब्द निवडलात तर काम हलकं होईल.

प्रश्न : झोपायला शिकवताना पुढचा भाग खाली जातो, मागचा वर उचलला जातो.

उत्तर : तुम्ही खाऊ लवकर पुढे ओढता. बसलेला असताना खाऊ नाकापासून सरळ खाली, पुढच्या दोन पायांच्या मधोमध न्या आणि तिथेच थांबा. कोपर टेकायला लागले की मग जमिनीलगत सावकाश पुढे न्या. तरीही जमलं नाही, तर जमिनीवर बसून आपला एक गुडघा उंच करा आणि खाऊच्या मागे त्याला त्या कमानीखालून यायला लावा. गुळगुळीत थंड फरशीवर कित्येक कुत्री झोपायलाच तयार नसतात. सतरंजी टाका.

प्रश्न : फिरताना हात निखळेल इतका ओढतो. चोक चेन लावा, असं एकाने सुचवलं आहे.

उत्तर : लावू नका. आवळणाऱ्या साखळीने श्वासनलिकेला आणि मानेला इजा होऊ शकते, डोळ्यांवरचा दाब वाढतो. शिवाय गळा आवळताना समोर दुसरा कुत्रा असेल, तर दुखण्याचा संबंध त्या कुत्र्याशी जोडला जातो. पुढे तो कुत्रा दिसताच गुरगुरणं सुरू होतं आणि मालकाला कारण कळत नाही.

ओढलं की पुढे जायला मिळतं, म्हणून तो ओढतो. ते मिळणं बंद करा. साधारण 2 मीटरचा साधा पट्टा घ्या. आपोआप लांबणारा पट्टा नको, कारण त्यात ताण दिला की दोरी वाढते, म्हणजे ओढायचंच शिक्षण. हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा, छातीवर कडी असलेला असावा. नुसती पाठीवर कडी असेल तर तो सगळं वजन घालून ओढतो. पट्टा ताणला की जागच्या जागी थांबा, झटका देऊ नका. वळून पाहिलं किंवा पट्टा सैल झाला की ‘हां’, खाऊ आपल्या मांडीजवळ द्या आणि चालू लागा. सुरुवातीला प्रत्येक 2-3 पावलांना खाऊ द्यावा लागतो. लोक इथेच कंटाळतात. पहिल्या आठवड्यात 15 मिनिटांत घरापासून 50 पावलं झाली तरी पुष्कळ झालं. घाई असेल त्या दिवशी मात्र दुसरा पट्टा किंवा वेगळा हार्नेस लावा, म्हणजे आज सरावाचा नियम नाही हे त्यालाही कळेल. एकाच पट्ट्यावर कधी ओढू देणं आणि कधी न देणं, यानेच ही सवय पक्की होते.

प्रश्न : मोकळा सोडला की हाक मारूनही येत नाही. जवळ गेलं की पळतो.

उत्तर : ‘ये’ म्हटल्यावर आजवर त्याच्या वाट्याला काय आलं, ते आठवा. आंघोळ, औषध, ओरडा, किंवा पट्टा लावून थेट घर. तो शब्द आता नासला आहे. नवा शब्द घ्या आणि आठवडाभर घरातल्या घरात, 2 मीटरवरून, दर वेळी उत्तम खाऊ देऊनच वापरा.

बाहेर 5 ते 10 मीटरची लांब दोरी लावा. ती हार्नेसला बांधा, गळपट्ट्याला कधीच नको, नाहीतर पळताना मानेला जोराचा हिसका बसतो. एकदाच हाक मारा आणि स्वतः उलट दिशेला पळा. पाठलाग करू नका, त्याच्या दृष्टीने तो खेळ असतो. आला की आधी गळपट्ट्याला हात लावा, मग खाऊ द्या, आणि 10 पैकी 9 वेळा पुन्हा मोकळं सोडा. गळपट्ट्याला हात न लावता खाऊ दिलात तर तो हातभर अंतरावर येऊन थांबायला शिकतो. आणि कितीही उशिरा आला तरी रागवायचं नाही. तुमचा राग त्याला येण्याबद्दल कळतो, न येण्याबद्दल नाही.

प्रश्न : वर्गात तासभर भुंकतो. घरी आवडता असलेला खाऊही तिथे तोंडात घेत नाही.

उत्तर : खाऊ नाकारणं ही महत्त्वाची खूण आहे, बरं झालं तुम्ही लिहिलंत. तो हट्टी नाही, घाबरलेला किंवा फार उत्तेजित आहे. वारंवार ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, मान फिरवणं, डोळ्यांचं पांढरं दिसणं, हेही पाहा. शिकवणाऱ्यांकडे दाराजवळची, आडोशाची जागा मागा आणि खाऊ घेऊ लागेपर्यंत अंतर वाढवा. 10 मिनिटांनी बाहेर पडलात तरी चालेल. गुरगुरला तर दामटू नका. गुरगुरणं दाबलेला कुत्रा पुढे सूचना न देता चावतो. अंगावर धावून जात असेल, तर सामूहिक वर्ग थांबवून आधी पशुवैद्यांची तपासणी आणि मग एकेकट्याचं प्रशिक्षण.

प्रश्न : 7 वर्षांच्या कुत्रीला आता शिकवता येईल?

उत्तर : येईल, आणि पिल्लापेक्षा तिचं लक्ष जास्त वेळ टिकेल. बसताना अडखळत असेल किंवा एका बाजूला कलून बसत असेल, तर आधी सांधे तपासून घ्या.

प्रश्न : चांगला वर्ग कसा ओळखावा?

उत्तर : कुत्र्याला न नेता एक तास नुसता बघून या. बघू देत नसतील तर तिथे जाऊ नका. एका शिक्षकामागे 6 ते 8 कुत्री, त्याहून जास्त नकोत. ‘कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता?’ हा एकच प्रश्न विचारा. ‘काम सोपं करून पुन्हा करून घेतो’ हे उत्तर हवं. झटका, ओरडा, जमिनीवर उताणं पाडून दाबणं, यातलं काही ऐकू आलं तर परत फिरा. कुत्रा आमच्याकडे ठेवा, शिकवून परत देतो, असं सांगणाऱ्यांकडेही सावधपणे पाहा. वर्गातला तास खरं तर मालकाच्या हाताला, आवाजाला आणि वेळेला शिकवण्यासाठी असतो. कुत्र्याचं शिक्षण घरी, 3 ते 5 मिनिटांच्या तुकड्यांत, दिवसातून 4-5 वेळा होतं.

प्रश्न : एवढा खाऊ देऊन वजन वाढणार नाही?

उत्तर : तुकडा वाटाण्याएवढा पुरे. दिवसभराच्या अन्नातल्या ऊर्जेपैकी खाऊचा वाटा 10 टक्क्यांच्या आत ठेवा, आणि तेवढं जेवण कमी करा. घरातल्या सोप्या सरावाला रोजच्या जेवणातलेच दाणे वापरले तर वेगळा हिशेबही लागत नाही. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते गोड द्रव्य) घातलेलं काहीही वर्ज्य. काम पक्कं झालं की प्रत्येक वेळी खाऊ नको. कधी दुसऱ्या वेळी, कधी पाचव्या वेळी द्या. मात्र नवी जागा असेल, त्या दिवशी पुन्हा प्रत्येक वेळी.